जाड तारांचे नखरे

बास गिटार गळ्यात अडकवून उभ्या असलेल्या माणसाला मध्यंतरात भेटायला येणारे लोक साधारण दोन जातींचे असतात. पहिल्या जातीचा माणूस तारा मोजून आलेला असतो. "चारच? बाकीच्या दोन तुटल्या वाटतं!" दुसरा त्याहून कनवाळू. आजूबाजूला कुणी नाही असं बघून, आवाज उतरवून तो विचारतो, "राग मानू नका, पण तुम्ही नक्की काय वाजवत होतात?"

राग मानण्यासारखं त्यात काही नाही. बासची सर्वांत जाड मोकळी तार सेकंदाला 41 वेळा हलते. माणसाचा कान 20 च्या खालचं ऐकत नाही, म्हणजे आमचा मुक्काम ऐकू येण्याच्या पार उंबरठ्यावर. मोबाइलच्या स्पीकरला तर 41 झेपतच नाही. त्यातून बाहेर पडतात ते त्या सुराचे वरचे अंश, आणि त्यांच्यावरून मेंदू आपल्या मनानं ठरवतो की खाली कुठंतरी मूळ सूर असणार. त्यामुळे आमच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर गेला की आत्याला गायिका ऐकू येते, ढोलकी ऐकू येते आणि भाचा नुसता दिसतो. भाच्याचा आवाज तिनं मनानं धरायचा असतो. आत्या प्रेमळ आहे, धरते. "छान वाजवलंस हो," आणि पुढं जोडलेले हात.

आता हा असा आवाज. तो काढायला तार गोल वेटोळ्याची घ्यावी की सपाट, पोलादी घ्यावी की निकेलची, 100 ची की 105 ची, यावर नोकरी करणारी, गृहकर्ज फेडणारी, एरवी बरी वागणारी माणसं रात्री दीड वाजेपर्यंत भांडतात. ते 100 आणि 105 म्हणजे हजारांश इंच. दोघींत फरक मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याचा. घरचा पंखा महिनाभर घरघरतोय हे ज्याच्या लक्षात आलेलं नाही, त्या माणसाला हा फरक बोटाला जाणवतो. मी स्वतः डोंबिवलीच्या एका ऑर्केस्ट्रात जुनी हिंदी-मराठी गाणी वाजवतो आणि मला तो स्पष्ट जाणवतो.

या सगळ्या भांडणाचं मूळ लिओ फेंडर नावाच्या गृहस्थांपाशी जातं. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. स्वतः त्यांना गिटार वाजवता येत नसे. बहुधा म्हणूनच त्यांनी इतक्या सरळ डोक्यानं ती बनवली. तोवर खर्जासाठी होता तो डबल बास, माणसापेक्षा उंच, टॅक्सीत न मावणारा, आणि बोट केसभर सरकलं की बेसूर होणारा. फेंडरनी 1951 साली त्याला आडवा केला, गळ्यात अडकवला, सतारीला असतात तसे पडदे बसवले आणि नाव ठेवलं प्रिसिजन बास. पडदे असल्यामुळे सूर अचूक पडणार, एवढाच त्या नावातला दावा. तारांचा आवाज पकडणारा एक पिकअप, आवाजाचा एक नॉब, टोनचा एक नॉब. विषय संपला होता. पण 1960 साली त्याच कंपनीनं जॅझ बास काढला, त्याला दोन पिकअप लावले, मान अरुंद केली, आणि तेव्हापासून जगात दोन तट आहेत.

प्रिसिजनवाला माणूस लांबून ओळखता येतो. तो कमी बोलतो. त्याच्याकडं एकच बास असतो आणि "यात बिघडण्यासारखं काही नाहीच" हे वाक्य तो अशा सुरात म्हणतो की इतरांच्या आयुष्यात मात्र पुष्कळ बिघडलेलं आहे असं वाटावं. टोनचा नॉब कुठं ठेवलाय विचारलं तर म्हणतो, "नव्वद सालापासून पूर्ण उघडा आहे." जॅझवाल्याला तीन नॉब असतात आणि एका गाण्यात तो तिन्ही किमान दोनदा फिरवतो. मागच्या पिकअपचा आवाज किंचित वर, पुढचा किंचित खाली, मग मान तिरकी करून ऐकणार, मग परत होतं तिथं. त्याच्या मते त्यानं आत्ताच गाण्याचा सगळा रंग बदलला. गायिकेच्या मते तो खाज सुटल्यासारखं काहीतरी करतोय.

तिसरा वर्ग बॅटरीवाल्यांचा. लिओ फेंडर यांच्याच पुढच्या कंपनीनं, म्युझिक मॅननं, 1976 मध्ये स्टिंगरे आणला. त्याच्या पोटात नऊ व्होल्टची बॅटरी असते आणि आवाज असा येतो की मागच्या रांगेतला आजोबासुद्धा दचकावा. अडचण एवढीच, की केबल खोचून ठेवून झोपलात तर बॅटरी रात्रभर जागी राहते आणि कार्यक्रमाच्या दिवशी मान टाकते. मग हा वर्ग ऐन संध्याकाळी किराणा दुकानात उभा दिसतो. दुकानदार विचारतो, "रिमोटची का घड्याळाची?" तो म्हणतो, "चौकोनी, मल्टिमीटरला लागते ती." दुकानदार बरणीआडून एक काढतो, धूळ पुसतो आणि म्हणतो, "बघा चालते का." या बॅटरीवर पुढचे तीन तास किशोरकुमार अवलंबून असतो.

बास विकत घेताना आमच्या लोकांचं बोलणं ऐकावं. मुंबईत धोबी तलावला जेर महालमध्ये फुर्टाडोज आहे, 1865 पासूनचं. तिथं एका कोपऱ्यात अर्धा तास उभं राहिलं तर मनुष्यस्वभावाचं बरंच शिक्षण होतं. गिऱ्हाईक लाकडाबद्दल बोलतं. आल्डर उबदार, अॅश खणखणीत, मेपलच्या मानेला चटपटीतपणा. भिंतीवरचा एकेक बास उतरवून मांडीवर घेतला जातो, प्रत्येकावर तीच एक फुशारकीची सुरावट वाजते, प्रत्येकानंतर डोळे मिटून "हं" होतं. डोळे उघडल्यावर मात्र ते पुन:पुन्हा एकाच दिशेला जातात: तो कडेनं काळपट आणि मध्ये मधासारखा पिवळा, सनबर्स्ट. विक्रेत्याला हे पहिल्या मिनिटाला कळलेलं असतं. पण तोही मुरलेला, रंगाचं नाव काढत नाही. "साहेब, याचं लाकूड बोलतं बघा." लाकूड बोलतं, साहेब ऐकतात, कार्ड मशीनवर टेकतं.

याची लाज बाळगायचं कारण नाही. पॉल मॅकार्टनींनी 1961 साली हॅम्बर्गमध्ये व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर घेतला. कारण एक, तो साधारण 30 पौंडांत मिळत होता आणि फेंडर परवडत नव्हता. कारण दोन, ते डावखुरे. दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे वाद्य उलटं धरलं तरी वेडगळ दिसत नव्हतं. टोन, लाकूड, उबदारपणा हे सगळं पुढं जगानं त्याला चिकटवलं. तो बास 1972 मध्ये चोरीला गेला आणि अर्धशतक उलटल्यावर सापडून 2024 मध्ये परत मिळाल्याचं जाहीर झालं, तेव्हा जगभरच्या बासवाल्यांनी अश्रू ढाळले. मी तेव्हा ऑफिसात होतो. साहेबांना वाटलं घरी काही झालं.

पण बास एकदा घेतला की घेतला. खरा संसार तारांशी.

गिटारवाल्याचा तारांचा सेट शेकड्यांत येतो, बासचा हजारांत, आणि तारा मात्र दोन कमी. हे बायकोला समजावून सांगण्याची पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. पाकीट उघडलं की आत वेटोळं करून ठेवलेल्या चार तारा, टोकांना रंगीत रेशमाचा दोरा गुंडाळलेला, आणि यंत्राच्या तेलाचा अगदी पुसट वास. गोल वेटोळ्याची तार असेल तर बोट आडवं फिरवलं की खसखस कर्रर्र होतं, कारण पोटातल्या पोलादी गाभ्यावर गोल तार गुंडाळलेली असते आणि तिच्या प्रत्येक वळणाची कड बोटाला लागते. सपाट वेटोळ्याच्या तारेवर पट्टी गुंडाळलेली. बोट फिरवा, काही होत नाही. सराव नसलेल्याला वाटतं तार लावायचीच राहिली.

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बासवर बहुतेक सपाटच तारा असत. मग 'द हू' बँडचे जॉन एन्टविसल ब्रिटनच्या रोटोसाउंड कंपनीच्या मागं लागले, की मला बासमधून पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा खणखणाट हवाय. त्यातून 1966 च्या सुमारास पोलादी गोल वेटोळ्याच्या तारा आल्या आणि तोवर मागं उभा राहून पोट भरणारा बासवाला एकदम ऐकू येऊ लागला. काहींच्या मते ही प्रगती. आमच्या ड्रमरच्या मते इथूनच घसरण सुरू झाली.

दुसऱ्या टोकाला डेट्रॉइटचे जेम्स जेमर्सन. मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या कितीतरी गाण्यांखाली तो माणूस आहे. 1962 चा प्रिसिजन, त्यावर ला बेला कंपनीच्या जाड सपाट तारा, आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी. तार तुटल्याशिवाय बदलायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. बोटांचा मळ, घाम, स्टुडिओतली धूळ, सगळं तारेत. आणि इतकं वाजवूनही मोटाउनच्या मोठ्या तबकडीवर त्यांचं नाव छापून आलं ते थेट 1971 मध्ये, मार्विन गे यांच्या. आपल्याकडं तरी वेगळं काय? राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांवर जीव टाकणाऱ्या शंभर माणसांना विचारा, बासवर टोनी वाझ होते हे किती जणांना सांगता येतं. गाणं सुरू झालं की पाय मात्र त्या शंभरांचेही त्यांच्याच तालावर हलतात.

जेमर्सनच्या मापाचा सेट, 52 ते 110, आजही मिळतो. मी तो मागवला. म्हणजे ज्या माणसाचं सगळं वैशिष्ट्य तारा न बदलणं हे होतं, त्याच्यासारखा आवाज यावा म्हणून लोक तारा बदलतात, आणि मग त्या जुन्या व्हायची वाट बघत बसतात. आमच्यातल्या एका सपाट-तारवाल्याला मी म्हटलं, "अरे, तुझ्या तारा मेल्यात." तो शांतपणे म्हणाला, "मेल्या नाहीत, मुरल्यात. दोन वर्षांचं कैरीचं लोणचं तू फेकून देतोस का?" यावर उत्तर नाही. वाद्यं तर कारखान्यातूनच खरवडून, रंग उडवून, पितळ काळं पाडून विकतात, आणि नव्या कोऱ्यापेक्षा महाग. माझा मेहुणा रंगकामाचे ठेके घेतो. त्याला हे सांगितल्यापासून तो मला भेटला की माझ्या बासकडं बघून म्हणतो, "देऊ का खरवडून? घरचं काम, मजुरी नको."

गोल तारवाल्यांचं दुःख बरोबर उलटं. त्यांना नवेपणा हवा असतो आणि तो टिकत नाही. वेटोळ्यांच्या फटींत घाम आणि कातडीचा भुगा जाऊन बसतो, तार जड होते, चमक मरते. डोंबिवलीच्या जूनमध्ये तर तारा आठवड्यात म्हाताऱ्या होतात. काहींचा घामच असा तेजाब असतो, की त्यांनी बास नुसता पुसायला घेतला तरी गंज चढतो. तारा तर महाग. त्यावर जगभरच्या बासवाल्यांनी शोधलेला उपाय म्हणजे त्या उकळणे. थट्टा नाही, खरोखर उकळतात.

आमच्याकडं हा सोहळा रविवारी सकाळी होतो. मोठं पातेलं, पाणी, उकळी फुटली की तारा आत. पाच-सात मिनिटांत पाण्याला राखाडी रंग येतो आणि वर एक तवंग धरतो, जो बघून पुन्हा कुणी माझ्या हातात हात देऊ नये. पहिल्यांदा आई ओट्याशी आली.

"काय शिजतंय?"

"तारा."

"किती वेळ ठेवायच्या?"

"दहा मिनिटं."

"मग कुकरला लावायच्यास. दोन शिट्ट्यांत झाल्या असत्या."

तारा काढून लगेच कोरड्या पुसाव्या लागतात, नाहीतर गंजतात. त्यासाठी जुना पंचा वेगळा काढलेला आहे. पातेल्याच्या बुडाला हिनं नेलपॉलिशची लाल फुली मारली आणि ते फडताळाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, मोरीच्या बादलीशेजारी गेलं. मिळवलेला नवेपणा चार-सहा दिवस टिकतो. नंतर आवाज होता त्याहून बसका होतो, कारण उकळून वेटोळी थोडी सैल पडतात. काही शहाणे लोक उकळत नाहीत. स्पिरिट भरलेल्या नळीत तारा रात्रभर बुडवून ठेवतात. त्यांच्या घरी आत गेल्यावर इंजेक्शन घ्यायला आल्यासारखं वाटतं.

याही पलीकडं गेलेले लोक पडदेच काढून टाकतात. फेंडरनी सूर अचूक पडावा म्हणून बसवलेले पडदे फ्लोरिडाच्या जॅको पास्टोरियसनी आपल्या 1962 च्या जॅझ बासवरून उपटले, खाचा लाकडी लांबीनं बुजवल्या आणि पोलादी तारांनी लाकूड खाऊ नये म्हणून वर होड्यांना लावतात तो इपॉक्सीचा थर दिला. 1976 मध्ये त्यांची पहिली तबकडी आली आणि बासवाल्यांच्या घरोघरी पक्कडी निघाल्या. बिनपडद्याच्या बासमध्ये तार लाकडी पट्टीला लांबवर हलकेच घासत राहते आणि सुराला एक नाकातला, उघडत जाणारा गोडवा येतो. इंग्रजीत त्याचं वर्णन करायला लोक मांजरासारखे आवाज काढून दाखवतात. आमच्या तालमीला एकदा मिरजेकडचे एक वयस्कर तंबोरेवाले आले होते, गायिकेचे नातेवाईक. आमच्या पाहुण्या बासवाल्यानं बिनपडद्याचं काढलं. गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते. आम्हाला वाटलं, आता विचारणार हे कसलं यंत्र. ते म्हणाले, "जवारी जरा जास्तच खुली राहिलीय. घोडीवर तारेखाली सूत सारून बघा." पाहुण्यानं पंधरा हजारांचे पिकअप बसवून मिळवलेला आवाज त्यांनी दोन वाक्यांत ओळखला, वर दुरुस्तीही सांगितली, तीही सुताच्या खर्चात.

या सगळ्या साधनेचा शेवट कुठं होतो? साउंडवाल्यापाशी. तुम्ही लाकूड निवडलंत, तारा निवडल्यात, त्या मुरवल्यात किंवा उकळल्यात, बोटं कुठं ठेवायची याचा विचार केलात. मग गणपतीच्या मांडवात एक मुलगा येतो, कानात अडकवलेली पेन्सिल काढतो, तुमची केबल एका पेटीत खोचतो आणि म्हणतो, "दादा, तुम्ही आरामात वाजवा. लो मी इथून बनवतो." तो बनवतो. अठरा इंची स्पीकरांच्या भिंतीतून जे बाहेर पडतं त्यात सपाट, गोल, पोलाद, निकेल, जेमर्सन, जॅको सगळे एकाच पंगतीला बसतात. पहिल्या रांगेतल्या बायका कानावर पदर घेतात. मंडळाचे अध्यक्ष खूश.

अमेरिकेतले ख्यातनाम स्टुडिओ वादक लीलंड स्क्लार यांनी वाजवणाऱ्याला टोन शिकवणाऱ्या जमातीवर रामबाण इलाज काढला. त्यांचा मुख्य बासही वेगवेगळ्या भागांतून जुळवलेला, त्याला पडदे मॅन्डोलिनचे. त्यावर त्यांनी एक बटण बसवून घेतलं, ज्याला आत एकही वायर जोडलेली नाही. निर्माता म्हणाला, जरा वेगळा टोन द्या, की स्क्लार त्याला दिसेल असं ते बटण खटकन पाडतात आणि पुन्हा तेच वाजवतात. निर्माता म्हणतो, हां, आता बसलं. आमच्या गायिकेची मागणी नेहमी "बास थोडा गोल हवा" अशी असते. लॅमिंग्टन रोडवर तसं बटण वीस रुपयांना मिळतं. मी ते आणून बसवलंय. गोलपणा उत्तम येतो.

तरी आमच्या आवडीनिवडीचा एक खरा जाणकार आहे आणि तो आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतो. याचं श्रेय स्लॅबला. वरचे बारीक सूर भिंतीत, स्लॅबमध्ये अडकतात. खर्ज आरपार जातो. मी घरी छोटा अॅम्प लावून वाजवतो तेव्हा शेजारच्या खोलीत हिला फारसं काही ऐकू येत नाही आणि खालच्या काकांना सगळं येतं. जेमर्सनच्या मापाच्या त्या जाड तारा चढवल्यावर ऑर्केस्ट्रात कुणाच्या लक्षात आलं नाही. ड्रमरच्या नाही, गायिकेच्या नाही, जॅझवाल्या मित्राच्याही नाही. काका रविवारी वर आले.

"काही बदललंयस का रे? गेल्या आठवड्यापासून?"

मला गहिवरून आलं. "तारा बदलल्यात, काका. 52–110. सपाट."

"तेच. आधी नुसतं गुरगुरायचं. आता शोकेसची काच वाजते. पण सगळ्याला नाही, एकाच सुराला."

त्यांना खुर्ची दिली, ही चहा टाकायला गेली आणि मी एकेक सूर वाजवायला घेतला. काका पुढं वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. हा नाही. हाही नाही. इतक्या लक्षपूर्वक मला आजवर कुणी ऐकलेलं नाही, परीक्षकांनीही नाही. शेवटी जाड तार मोकळी छेडली, खर्जातली पांढरी तीन, आणि काकांनी बोट वर केलं.

"हा! हा तेवढा गाळ. बाकीचे ठेव, बरे आहेत."

"काका, पण ही मोकळी तार आहे, ती कशी गाळणार?"

"ते तू बघ," काका चहाचा कप घेत म्हणाले. "आणि दुपारी जे तिसरं गाणं वाजवतोस ना, त्याच्या अंतऱ्यात घाई करतोस."